दाढी घरीच करतो

(चिले देशातलं वाल्परायसो बंदर. १९४२ सालचा जानेवारी, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. टेकडीवर रामोनचं केस कापायचं दुकान, मागच्या दाराआड घर. रामोन मूळचा जपानी. त्याची बायको एर्मिनिया आणि सासू दोमितिला इथल्याच; दोमितिलाला टेकडीवरचे लोक मानानं मिसिया, म्हणजे बाई, म्हणतात. खुर्चीत फाउस्तिनो बसलेत, माणसं टेकडीवर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लिफ्टवर जन्मभर नोकरी करून आता निवृत्त झालेले.)

फाउस्तिनो : बस, बस. मागून आणखी घेऊ नकोस. मान पोळते उन्हानं.

रामोन : झालं. आता साबण लावतो.

फाउस्तिनो : साबण कशाला?

रामोन : दाढीला.

फाउस्तिनो : दाढी नको. केस तेवढे. दाढी घरीच करतो हल्ली.

रामोन : इतकी वर्षं इथं करत होता, फाउस्तिनोभाऊ.

फाउस्तिनो : हो, पण बायको म्हणते, घरी करा. आणि कातडी जरा नाजूक झालीये. वय झालं आता.

दोमितिला : काय रे फाउस्तिनो, तुझी कातडी कधीपासून नाजूक? लिफ्टच्या ग्रीसमध्ये जन्म गेला तुझा.

फाउस्तिनो : मिसिया दोमितिला, तुम्ही दाराआडून ऐकत होता होय?

दोमितिला : दार माझं, घर माझं, कानही माझेच.

एर्मिनिया : आई, राहू दे. काल बेकरीवाल्याचंही हेच होतं. परवा शाळेच्या मास्तरांचं. केस काप, दाढी नको. सगळ्या टेकडीची कातडी एकदम नाजूक झाली वाटतं.

फाउस्तिनो : तू मनाला लावून घेऊ नकोस, एर्मिनिया. लोक रेडिओ ऐकतात. तिकडे रिओला सगळ्या देशांची बैठक बसलीये. एकेक जण उठतो आणि सांगतो, आम्ही जपानशी संबंध तोडले, जर्मनीशी तोडले. उरलो आपण आणि अर्जेंटिना.

रामोन : म्हणजे आपण तटस्थ.

फाउस्तिनो : तटस्थ. अजून तरी.

रामोन : मग दाढीला काय हरकत आहे?

फाउस्तिनो : सरकार तटस्थ आहे रे बाबा. माझ्या बायकोचं मी काय सांगू? ठेव हे पैसे. उरलेले राहू देत.

रामोन : नाही. केसांचे तेवढेच घेईन.

फाउस्तिनो : बरं. येतो मी. रागावला नाहीस ना?

रामोन : सांभाळून उतरा. पायरी ओली आहे.

एर्मिनिया : गेला. आता शेजारणीला जाऊन सांगेल, जपानी जरा रागातच होता.

दोमितिला : मला एक कळत नाही. कात्री चालते आणि वस्तरा चालत नाही. मारायचंच असेल तर कात्रीनं काय माणूस मरत नाही?

एर्मिनिया : आई.

दोमितिला : मी आपलं विचारते.

रामोन : कात्री मागून चालते, सासूबाई. वस्तऱ्याला मान वर करून डोळे मिटावे लागतात.

*

एर्मिनिया : चहा निवला. सांग तरी, काय झालं खाली बंदरात?

रामोन : काही नाही.

दोमितिला : साखर न घालताच ढवळतोय मघापासून, आणि म्हणे काही नाही.

रामोन : काल्याओहून बोट आलीये. त्यावर ओळखीचा एक खलाशी आहे. मियाशिरोचं सांगत होता.

दोमितिला : कोण हा?

एर्मिनिया : पेरूतला ह्याचा मित्र, आई. जपानहून दोघं एकाच बोटीनं आले. ह्याला कात्री धरायला त्यानंच शिकवलं. पुढे हा इकडे आला, तो काल्याओलाच राहिला.

रामोन : दुकान उघडलं होतं त्यानं. गिऱ्हाईक खुर्चीत होतं. पोलीस आले, म्हणाले, चल. गिऱ्हाईक तसंच बसलेलं, अर्धं डोकं कापलेलं. मियाशिरोला अमेरिकेच्या बोटीवर चढवलं.

एर्मिनिया : कशाबद्दल?

रामोन : खलाशाला ठाऊक नव्हतं. मियाशिरोलाही नसेल.

एर्मिनिया : आणि त्याची बायको?

रामोन : ती पेरूची. ती धक्क्यावर राहिली.

दोमितिला : पेरूवाले तसलेच. त्यांच्याकडून दुसरं काय होणार? आपलं तसं नाही. आपण तटस्थ.

एर्मिनिया : तू तो शब्द मिठासारखा सगळ्यात टाकतेस, आई.

दोमितिला : टाकणारच. मागच्या लढाईतही आपण तटस्थच होतो. तू लहान होतीस, तुला काय आठवणार. खाली खाडीत जर्मनांची शिडाची जहाजं नांगर टाकून पडलेली, वर्षानुवर्षं. बाहेर पडलं की इंग्रज बुडवणार, म्हणून बाहेरच पडेनात. बुडाला शेवाळ धरलं होतं. मी जर्मनांचेही कपडे धूत होते आणि इंग्रजांचेही. ह्या दोरीवर एकाचे सदरे, त्या दोरीवर दुसऱ्याचे. वारा आला की एकमेकांना लागायचे. कुणाचं काही बिघडलं नाही.

रामोन : जर्मनांना कुणी काही केलं नाही?

दोमितिला : कुणी काही केलं नाही. इथल्या पोरींशी लग्नं केली त्यांनी. आणि एकदा त्यांची लढाऊ जहाजं आली होती. इंग्रजांना हरवून आलेली, नुसता रुबाब. लोकांनी फुलं दिली. माझ्याकडे एक अधिकारी गठ्ठाभर सदरे देऊन गेला. पण तटस्थ बंदराचा नियम असा, लढाऊ जहाजानं एका दिवसात निघायचं. आता एका दिवसात कपडे धुऊन वाळून इस्त्री होऊन कसे मिळतील? त्यात धुकं पडलेलं. संध्याकाळी येऊन हात लावून बघितले त्यानं, ओले. म्हणाला, राहू देत, परतताना नेतो. चांगला होता. नाक सोललेलं होतं उन्हानं.

एर्मिनिया : मग नेले का?

दोमितिला : कुठला नेतोय. महिन्याभरात सगळीच्या सगळी बुडाली, तिकडे खाली दक्षिणेला. तुझे शाळेचे एप्रन त्याच कापडाचे होते. छान कापड. विरलं नाही लवकर.

एर्मिनिया : हे तू मला आज सांगतेस?

दोमितिला : तेव्हा सांगितलं असतं तर घातले असतेस?

रामोन : सासूबाई, तेव्हाचे जर्मन पाहुणे होते. मी पाहुणा नाही. म्हणून मला भीती वाटते.

एर्मिनिया : मी एक बोलू? लिनारेसला माझी मावसबहीण आहे. आत, डोंगराच्या बाजूला. गाव लहान, पण केस सगळ्यांचेच वाढतात. उद्या काही झालं तर पहिल्यांदा बंदरातल्या जपान्यांना उचलतील. त्याआधी आपणच गेलो तर?

दोमितिला : आपणच म्हणजे कोण?

एर्मिनिया : आपण तिघं.

दोमितिला : मी नाही.

एर्मिनिया : आई, ऐकून तरी घे.

दोमितिला : भूकंपात आख्खं शहर पडलं तेव्हा मी ही टेकडी सोडली नाही. पोतं पांघरून इथंच राहिले. तुझा बाप होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला, ते इथूनच पाहिलं. होडी दिसत होती, मग दिसेना. त्यानंतर मी सामानाला आणि चर्चला जाण्यापुरती खाली उतरते. तुम्ही जा दोघं. मला कोण खातंय?

एर्मिनिया : जिन्यावर दोनदा पडलीस ह्या उन्हाळ्यात. तुला एकटीला टाकून मी लिनारेसला पीच खात बसू?

दोमितिला : मग राहा.

एर्मिनिया : आणि त्याला नेलं तर? धक्क्यावर उभी राहू मियाशिरोच्या बायकोसारखी?

रामोन : आवाज खाली. खिडकी उघडी आहे.

एर्मिनिया : बघ. आपल्याच घरात आता आवाज खाली.

रामोन : कुणी जायचं नाही. अजून काही झालेलं नाही. मी सकाळी नेहमीसारखं दुकान उघडतो. साखर दे.

*

फाउस्तिनो : रामोन. अरे रामोन, दार उघड. आधी तो झेंडा काढ.

एर्मिनिया : काय झालं? आज अठरा सप्टेंबर, सगळ्या टेकडीवर झेंडे लागलेत. आमचाच का काढायचा?

फाउस्तिनो : उलटा आहे. तारा उजवीकडे गेलाय. खाली येऊन रस्त्यावरून बघ म्हणजे कळेल.

रामोन : उलटा? सासूबाईंनी तर तारा डावीकडेच धरला होता, मी पाहिलं.

फाउस्तिनो : आतून डावीकडे असेल रे. रस्त्यावरून उजवीकडे दिसतो. उभा सोडायचा झेंडा बाहेर उभं राहून लावायचा असतो. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

दोमितिला : मी काय रस्त्यात तरंगत लावू? सज्ज्यातून लावला मी.

फाउस्तिनो : मिसिया, हे माझ्यापाशी बोलून काय उपयोग? खाली पंधरावीस लोक जमलेत, चिचाची दारू पिऊन. राष्ट्रीय सणाला जपान्यानं आपला झेंडा उलटा टांगला असं चाललंय. मघाशी हसत होते. आता हसत नाहीत.

एर्मिनिया : रामोन, तू सज्ज्यात जाऊ नकोस. मी काढते.

रामोन : मी दिसलो नाही तर म्हणतील लपून बसला.

एर्मिनिया : दिसलास तर दगड मारतील.

दोमितिला : सरा दोघं. काठी द्या माझी. अहो, खालची मंडळी. इकडे वर बघा. हा झेंडा मी लावलाय, दोमितिला, परटीण. तुमच्यातल्या निम्म्यांची दुपटी धुतलीत मी, त्यांच्यावर काय काय होतं तेही सांगू का? आतून लावला, चुकला. तो फिरवून लावते. आणि तुझ्या हातात काय आहे रे, बेकरीवाल्याच्या भाच्या? टाक खाली. मला नीट दिसत नसेल, पण इतकं दिसतं.

फाउस्तिनो : पांगतायत. मिसिया, तुम्ही लिफ्टवर हव्या होता. रांग सरळ राहिली असती.

एर्मिनिया : आई, बस खाली. काठी सोड आता.

दोमितिला : असू दे हातात.

एर्मिनिया : आत कुणाला मारणार?

रामोन : सासूबाई, पाणी घ्या.

दोमितिला : त्या पोराच्या हातात खरंच दगड होता. मी आपली अंदाजानं बोलले.

*

फाउस्तिनो : ही घे काच. मापानं कापून आणलीये. आता चौकटीत बसायला हवी. पैसे नकोत.

रामोन : काच तुम्ही फोडली नाही, फाउस्तिनोभाऊ. सणाच्या रात्री कुणीतरी फोडली.

फाउस्तिनो : ते तर खरंच. पण दाराला पुठ्ठा लावून दुकान चालवतोस, महिना झाला. येताजाता बघवत नाही. धर तिकडून. हां.

रामोन : दंडाला पहाऱ्याची पट्टी नाही आज तुमच्या?

फाउस्तिनो : आज दिवे मालवायचा सराव नाही. मला तरी कुठे हौस आहे? किनाऱ्यावर अंधार करा म्हणे, जपानी पाणबुडी येईल. कुठून येणार, एवढ्या लांबून. तुला म्हणून नाही म्हणत.

रामोन : कळलं.

फाउस्तिनो : अमेरिकेतला कुणी बडा माणूस भाषणात बोलला म्हणे, चिलेतून हेर बातम्या पाठवतात, जहाजं बुडतात. तेव्हापासून आपल्याकडचे सगळे एकमेकांकडे टकामका बघतायत. आमच्या बाजूला एकानं कबुतरं पाळलीत, त्याच्याकडेही पोलीस येऊन गेले. कबुतरं सोडून पाहिली. परत खुराड्यातच आली. बसली काच?

रामोन : बसली.

फाउस्तिनो : मग आता एक काम कर. साबण काढ.

रामोन : साबण?

फाउस्तिनो : दाढी कर माझी. घरी करून करून तोंडाचं काय झालंय बघ. ही खाच, ही खाच. बायको म्हणते लिफ्टखाली आल्यासारखे दिसता.

रामोन : बसा. टॉवेल गरम करतो.

फाउस्तिनो : अहाहा. हा टॉवेल. ह्याच्याचसाठी यायचो रे मी, दाढी काय कुठेही होते. मला वाईट वाटत होतं, खरं सांगू का. जानेवारीपासून. त्या झेंड्याच्या दिवशी म्हाताऱ्या बाईनं काठी घेऊन उभं राहायचं आणि आपण... थांबलास का?

रामोन : फाउस्तिनोभाऊ, आज नको.

फाउस्तिनो : का? रागात आहेस?

रामोन : राग नाही. वस्तरा मिटतो मी.

फाउस्तिनो : मग? ताप आहे का?

रामोन : ताप नाही. तुमच्या गळ्याशी वस्तरा नेला आणि वाटलं, आज एवढंसं कापलं तर? सगळ्यांचं कधी ना कधी कापतं, तुरटी लावली की झालं. पण आज तुमचं कापलं तर उद्या टेकडीवर काय बोलतील? पोलीस काय लिहितील? इतक्या वर्षांत असा विचार मनात आला नव्हता. आता आला, तो जात नाही.

फाउस्तिनो : मी कुणाला सांगणार नाही.

रामोन : रक्त दिसेलच ना.

फाउस्तिनो : मग आता? साबण लागलाय तोंडाला.

रामोन : मी पुसून देतो. तुम्ही घरी करा.

*

एर्मिनिया : आई, रेडिओ बंद कर. तेच तेच किती वेळ ऐकणार?

दोमितिला : काल तोडले म्हणाला, आज पुन्हा तोडले म्हणतो. वाटलं मधेच म्हणेल, चुकून सांगितलं.

एर्मिनिया : नाही म्हणणार. जपानशी संबंध तुटले. वर्षभर धरलं, आता सुटलं. चौकीवर बोलावलंय, किती वेळ झाला रामोनला जाऊन?

दोमितिला : पाव आणला तेव्हा गेला.

एर्मिनिया : फाउस्तिनोभाऊ बरोबर आहेत म्हणून जिवाला जरा बरं. मीच जायला हवं होतं.

दोमितिला : तू तिथं रडली असतीस. पुरुष एकत्र गेले की गप्प बसतात. पोलिसांना गप्प माणसं आवडतात.

एर्मिनिया : लिफ्टचा आवाज. आले. रामोन? काय म्हणाले?

रामोन : बसू दे जरा.

फाउस्तिनो : बोट नाही, पोरी. ते आधी सांगतो. बोटीवर चढवणार नाहीत. तुरुंगही नाही. फक्त किनारा सोडायचा. सगळ्या जपान्यांनी आत जायचं, समुद्रापासून लांब. कुठं राहणार ते आधी सांगायचं, तिथल्या चौकीवर जाऊन सही करत राहायची.

एर्मिनिया : कधी?

फाउस्तिनो : ह्या आठवड्यातच. रविवारची गाडी.

रामोन : मी लिनारेस सांगितलं. दुसरं गाव मला आठवेना.

एर्मिनिया : बरोबर सांगितलंस. मी बहिणीला तार करते.

रामोन : एका खाटेची जागा आहे का विचार. मी एकटा जाणार आहे.

एर्मिनिया : काय म्हणालास?

रामोन : हुकूम मला आहे, तुला नाही. सासूबाईंना जिना उतरवत नाही, पाणी भरवत नाही. त्यांना एकटं ठेवून मी तुला नेणार नाही. लढाई संपेल कधीतरी. मग येईन.

एर्मिनिया : कधीतरी म्हणजे कधी? मी इथं बसून काय करू? रोज काच पुसू दुकानाची?

रामोन : आपण भांडायचं नाही आज. फाउस्तिनोभाऊंच्या समोर नको.

फाउस्तिनो : माझं काय, मी बाहेर जातो.

दोमितिला : थांब रे फाउस्तिनो. तुला विचारायचंय. ती दुकानातली खुर्ची, लिफ्टमधून उतरेल का?

फाउस्तिनो : खुर्ची? उतरेल की. पाय काढले तर. नाहीतर दाराला अडेल.

रामोन : खुर्ची नको. लिनारेसला मी कुठेही, साध्या स्टुलावर केस कापीन.

दोमितिला : तू मधे बोलू नकोस. पाय काढले म्हणजे बसेल, बरं. आणि लोखंडी खाट?

फाउस्तिनो : मोठी की छोटी?

दोमितिला : माझी.

एर्मिनिया : तुझी खाट कशाला उतरवायची?

दोमितिला : मग मी तिकडे जमिनीवर झोपू? माझे गुडघे माहीत आहेत ना तुला.

एर्मिनिया : आई, तू मरेपर्यंत इथून हलणार नाही म्हणाली होतीस.

दोमितिला : म्हणाले होते. तेव्हा मला वाटत होतं, आपलं हे असंच चालेल. आता ह्याला नेलं तर तू माझ्याजवळ राहशील, मला जेवायला वाढशील, आणि दुपारभर सज्ज्यात उभी राहशील. बोलणार काही नाहीस. मी ओळखते ते उभं राहणं. त्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं. गाडीत खिडकीशी जागा मिळते ना, फाउस्तिनो?

फाउस्तिनो : लवकर गेलं तर मिळते. मी पहाटेच जाऊन धरून ठेवतो.

दोमितिला : आणि किल्ली तुझ्याकडे. छपराचा कोपरा गळतो तिथं घमेलं ठेवायचं, विसरायचं नाही. तुझ्या बायकोला आत सोडू नकोस, ती माझी भांडी बघते.

फाउस्तिनो : नाही सोडत, मिसिया.

एर्मिनिया : आई.

दोमितिला : रडू नकोस. चादरी काढ, खाट बांधायची आहे. रामोन, तू काय बघतोयस माझ्याकडे?

रामोन : सासूबाई, लिनारेसहून समुद्र दिसत नाही. कुठूनच नाही.

दोमितिला : ठाऊक आहे मला.

रामोन : नंतर म्हणाल, सांगितलं नाहीस.

दोमितिला : नाही म्हणणार. तिकडे माझी खाट खिडकीशी लावू नकोस, म्हणजे झालं. भिंतीकडे लाव.